पहिली-दुसरीच्या लेकरांना नेहमीचे शब्द वाचायला कसे शिकवायचे (नवीन शिक्षक, अंगणवाडी ताई आणि पालकांसाठी)

पहिलीचं लेकरू अक्षरं ओळखतं, बाराखडी म्हणून दाखवतं, अन् तरी पुस्तकातलं साधं वाक्य समोर ठेवलं की अडतं, ही गोष्ट आमच्या विदर्भात नवीन आलेला जवळपास प्रत्येक शिक्षक सांगतो आणि पालक तर सांगतातच. नीट बसून ऐकलं तर लक्षात येतं की ते 'कापूस' वाचतं, 'बकरी' वाचतं, 'विहीर' पण खेचत खेचत वाचून काढतं, आणि मग 'त्याला', 'म्हणून', 'आणि', 'होती' अशा ठिकाणी थांबतं. हेच ते नेहमीचे शब्द, इंग्रजी शिकवणारे ज्यांना साइट वर्ड म्हणतात, म्हणजे नजर पडल्याबरोबर तोंडात आले पाहिजेत असे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत खालचे वर्ग घेते, तर तिथे जे कामाचं ठरतं ते इथे एकेक पायरी करून लिहिते.

पहिले एक शंका मिटवू, कारण ती सगळ्यांना येते. मराठी तर जशी बोलतो तशी लिहितो, मग शब्द वेगळे शिकवायचे कशाला, अक्षरं आली की वाचन आपोआप येईल. यात बरंच खरं आहे. पण आपण अक्षरं कोणत्या क्रमाने शिकवतो ते पाहा, आधी साधी अक्षरं, मग काना, मग वेलांटी-उकार-मात्रा, आणि जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. गोष्ट मात्र या क्रमाने चालत नाही. 'एक म्हातारी होती. तिच्या घरी...' पहिल्याच ओळीत म्ह आला, च्या आला. त्याने, त्याला, त्यांच्या, म्हणाला, म्हणून, आम्ही, तुम्ही, पुन्हा, हे शब्द गोष्टीच्या प्रत्येक पानावर असतात आणि सगळ्यांत जोडाक्षर आहे. जोडाक्षरं पूर्ण होईपर्यंत थांबलो तर लेकरू दुसरीत जाईपर्यंत एकही गोष्ट स्वतःच्या तोंडाने वाचत नाही, आणि तोपर्यंत त्याच्या डोक्यात बसून जातं की वाचन म्हणजे ग ग गवताचा. म्हणून अक्षरांचं काम चालूच ठेवायचं, ते अजिबात सोडायचं नाही, आणि त्याच्या बाजूने हे थोडे शब्द पुढे काढून शिकवायचे.

आणि दुसरी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. कार्ड दाखवलं, पोरं ओरडली, कार्ड ठेवलं, याने शब्द येत नाही. शब्दाचा आवाज, त्याची अक्षरं आणि त्याचं वाक्य, हे तिन्ही एकाच दिवशी एकत्र आले पाहिजेत. आज शिकवलेला शब्द आजच लेकराने एका खऱ्या वाक्यात वाचला पाहिजे. बाकी सगळं पुढेमागे झालं तरी चालतं, हे नाही.

आधी पाहून घ्या, कोणाला काय येतं

एकेका लेकराला वर्गाबाहेर ओट्यावर घेऊन बसा, पाचेक मिनिटं पुरतात. त्याला आधी बोलतं करा, घरी कोण कोण आहे, सकाळी काय खाल्लं. ते वाक्यात बोलतं की एका शब्दात उत्तर देतं हे पाहा. मग दहा-पंधरा अक्षरं दाखवा, सरळ क्रमाने नाही. मग एक चार ओळींचा सोपा उतारा द्या आणि अडला तो शब्द वहीत टिपा, मधे टोकू नका. ज्याला अजून पाच-सहाच अक्षरं येतात त्याच्यावर शब्दांची कार्डं लादू नका, त्याच्यासोबत गाणी, गप्पा, अक्षरं आणि फार तर मी, आई, बाबा, ये, जा एवढंच. ज्याला निम्म्याच्या वर अक्षरं येतात ते तयार आहे असं समजा.

आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडते, उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, त्यामुळे पहिला महिना हातातून लवकर जातो. तपासणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात उरकून घ्या. आणि तपासणी म्हणजे परीक्षा नाही, लेकराला कळलंही नाही पाहिजे की आपण काही तपासून राहिलो.

शब्द कुठून घ्यायचे

इंटरनेटवर याद्या मिळतात, पण मी म्हणेन तुमच्याच हातातलं बालभारतीचं पुस्तक घ्या. त्यातले पाच-सहा पाठ उघडा, आणि जो शब्द परत परत येतो त्यापुढे रेघ मारत जा. एका संध्याकाळचं काम आहे. तुमच्या लक्षात येईल की तेच ते शब्द फिरून येतात: आहे, नाही, आणि, पण, मग, मी, तू, तो, ती, ते, हा, ही, हे, काय, कोण, कुठे, का, मला, तुला, त्याला, तिला, माझा, माझी, माझे, होता, होती, होते, आला, गेला, झाला, म्हणाला, म्हणाली, म्हणून, खूप, सगळे, आता, वर, खाली, आत, बाहेर. साठ-सत्तर शब्द झाले की वर्षभराचं काम निघतं, याच्या वर जायची गरज नाही.

आठवड्याला चार किंवा पाच शब्द घ्या. जास्त नको. कोणी म्हणेल आमची पोरं हुशार आहेत दहा घेऊ, घेतले तर शुक्रवारी दहाच्या दहा येतात आणि सोमवारी चारही येत नाहीत.

एकसारखे दिसणारे शब्द एकाच आठवड्यात ठेवू नका. 'त्याला' आणि 'त्याने' वेगवेगळ्या आठवड्यात. 'हा-ही-हे' तर पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने, आधीचा पक्का झाल्याशिवाय पुढचा नाही. घ आणि ध, भ आणि म यांच्यात गोंधळणारं लेकरू असेल तर त्याच्या शब्दांत ही जोडी समोरासमोर येऊ देऊ नका.

एक बारीक गोष्ट मराठी शिकवणाऱ्यांच्याही नजरेतून सुटते. 'माझा' मधला झ आणि 'माझी' मधला झ तोंडाने म्हणून पाहा, आवाज वेगळा आहे, अक्षर एकच. तसंच 'घराचा' आणि 'घराची' मधला च. मोठ्या माणसाला हे जाणवत नाही, अक्षर-अक्षर वाचणाऱ्या लेकराला जाणवतं, ते 'माझी'मधला झ 'माझा'सारखा म्हणून पाहतं आणि आपल्याकडे बघतं. त्याचं चुकलं नाही. 'इथे असा म्हणायचा' एवढं सांगा आणि दोन्ही शब्द वाक्यात वाचून घ्या, नियम सांगत बसू नका.

कार्डं

पैसे खर्च करू नका. लग्नसराईत घरोघरी पत्रिका पडलेल्या असतात, त्यांची कोरी बाजू एकदम चांगली, जाड असते आणि वाकत नाही. नसेल तर वहीचे पुठ्ठे. काळ्या स्केच पेनने, अक्षर तीन बोटं उंच, शिरोरेघ पूर्ण. रंगीबेरंगी करू नका. चित्र पण काढू नका, कारण 'म्हणून'चं चित्र काय काढणार, आणि काढलं तर लेकरू चित्र वाचतं.

ल आणि श लिहिताना आपल्या पुस्तकातलं मराठी वळण ठेवा, मोबाईलमधे बऱ्याचदा हिंदी वळणाचे दिसतात. 2009 च्या शासन निर्णयातल्या वर्णमालेतही मराठी वळणच दिलेलं आहे. नवीन वाचणाऱ्याला एकाच अक्षराचे दोन चेहरे एकाच वेळी नको.

प्रत्येक लेकराचा वेगळा गठ्ठा ठेवा, रबर लावून. सगळ्या वर्गाचा एकच गठ्ठा असला की तीन पोरं उत्तर देतात आणि बाकीची त्यांच्या तोंडाकडे पाहून ओठ हलवतात.

एक शब्द, दहा मिनिटं

समजा आज 'त्याला' घ्यायचा आहे. कार्ड लगेच काढू नका, आधी बोला. 'राजू पडला. कोणाला लागलं?' पोरं म्हणतील 'राजूले.' तुम्ही म्हणा, 'हो, राजूला लागलं. त्याला लागलं. मग त्याला काय दिलं?' 'पानी देल्लं मॅडम.' 'बरं, त्याला पाणी दिलं.' असं दोन-तीन वेळा त्यांच्या तोंडून 'त्याला' निघू द्या. मग टाळी, त्या-ला, दोन टाळ्या. मग कार्ड काढा. 'ला' वर बोट ठेवा, हे कोण ओळखतं? 'मला', 'तुला' झालेले असतील तर सगळेच ओळखतात. आता अंगठ्याने 'ला' झाका आणि उरलेलं दाखवा. हा अर्धा त आहे, याला चिकटला या, म्हणायचं त्या. एवढंच, जोडाक्षराचा पूर्ण पाठ आत्ता नको. अंगठा काढा, बोट खालून सरकवत सगळ्यांनी एकदा वाचायचं, मग एकेकट्याने.

मग हाताने लिहायचं. पाटी असली तर पाटीवर, नाही तर अंगणातल्या मातीत बोटाने, पावसाळ्यात ओल्या मातीत काडीने छान उमटतं. लिहिताना तोंडाने म्हणायचं. आणि लगेच फळ्यावर तीन वाक्यं, ज्यात बाकीचे शब्द ओळखीचेच आहेत: 'त्याला आंबा दे. त्याला घर आहे. तो आला आणि त्याला पाणी दिले.' शेवटी पुस्तक उघडायचं, आजच्या पाठात 'त्याला' कुठे आहे शोधा, सापडला की पेन्सिलने खाली बारीक रेघ. शोधायची पोरांना फार मजा येते, आणि तिथेच त्यांना कळतं की हे कार्डावरचं काहीतरी नाही, हे पुस्तकातलंच आहे.

दहा मिनिटांच्या वर ताणू नका.

जोडून वाचण्याची अडचण वेगळी आहे. काही लेकरं 'आपण' हा शब्द आ, प, ण असा तीन तुकड्यांत वाचतात, शेवटचा ण पूर्ण उच्चारतात आणि मग शब्द त्यांना ओळखूच येत नाही, कारण घरी कोणी तसं बोलत नाही. तिथे तुम्ही बोट भरभर सरकवून म्हणून दाखवा, 'आपण', आणि विचारा, 'आपण कुठे चाललो?' उत्तर आलं की परत वाचायला लावा.

घरची बोली अन् पुस्तकातली मराठी

हा भाग आपल्या विदर्भात सोडून चालत नाही. लेकरू घरी मले, तुले म्हणतं, पुस्तकात मला, तुला छापलेलं. घरी 'अन्', पुस्तकात 'आणि'. घरी 'काऊन', पुस्तकात 'का'. शाळेला शाया, डोळ्याला डोया, पाण्याला पानी, विहिरीला इहीर. नेमके हे नेहमीचे शब्दच घरी वेगळे असतात, म्हणून लेकरू तिथे अडतं.

आता समोर 'मला' लिहिलंय आणि लेकराने 'मले' वाचलं. त्याने अक्षर पाहिलं, अर्थ लावला, आणि आपल्या तोंडचा शब्द ठेवला. ही वाचनाचीच खूण आहे, यावर 'चूक!' म्हणून ओरडणारा माणूस त्या लेकराला गप्प बसायला शिकवतो. म्हणायचं, 'बरोबर, आपण घरी मले म्हणतो. इथे शेवटी कोणतं अक्षर आहे पाहा बरं.' ते ला पाहतं आणि स्वतःच 'मला' म्हणतं. आणि 'पाणी'ला 'पानी' वाचलं तर वाचन बरोबर धरा, तुम्ही एकदा नीट म्हणून पुढे चला, गोष्ट थांबवू नका. मी फळ्यावर एका कोपऱ्यात घरचा शब्द आणि पुस्तकाचा शब्द अशी जोडी लिहून ठेवते, पोरं स्वतःहून नवीन जोड्या आणून देतात. आपल्या आजीची बोली फळ्यावर आलेली पाहून लेकराचा जो चेहरा होतो तो पाहण्यासारखा असतो.

पुस्तकात कुठे 'केले, होते' असतं आणि कुठे 'केलं, होतं', तेही एकदा दाखवून ठेवा.

जिथे घरची भाषाच वेगळी आहे तिथे अजून हळू जायचं. मेळघाटात कोरकू, यवतमाळकडे कोलामी आणि बंजारा, गडचिरोलीत गोंडी, माडिया. गोंडी-कोलामी या तेलुगूच्या घराण्यातल्या द्राविडी भाषा आहेत, कोरकू तर मुंडा घराण्यातली, मराठीशी त्यांचं नातंच नाही. गोंडी आणि कोलामीत पुरुष एका बाजूला आणि बाई, जनावर, वस्तू दुसऱ्या बाजूला अशी विभागणी असते, म्हणून तिथलं लेकरू 'ती' आणि 'ते' मधे घोटाळतं ते दुर्लक्षामुळे नाही. अशा वर्गात शब्दाचं कार्ड यायच्या आधी तो शब्द आठ-पंधरा दिवस नुसता बोलण्यात, खेळात, हातवाऱ्यात आला पाहिजे. 'वर-खाली', 'आत-बाहेर' खोक्यात दगड टाकून, झाडावर चढून शिकवा. गावातली अंगणवाडी ताई किंवा मोठ्या वर्गातली मुलगी ती भाषा बोलत असेल तर तिला शेजारी बसवा. तिच्याशिवाय हे काम अर्धं राहतं.

परत परत, पण रोज तेच नाही

आज शिकवलेला शब्द उद्या परत, मग दोन दिवस सोडून, मग आठवड्याने, मग महिन्याने. प्रत्येक लेकराचे दोन डबे ठेवा, बिस्किटाचे पुठ्ठ्याचे खोके चालतात. शब्द अडतो तोपर्यंत कार्ड पहिल्या डब्यात. सलग तीन वेगवेगळ्या दिवशी पाहिल्याबरोबर वाचला की दुसऱ्या डब्यात. दुसरा डबा शनिवारी उघडायचा, त्यातला कोणता विसरला तर मुकाट परत पहिल्यात, त्याबद्दल काही बोलायचं नाही.

क्रम रोज बदला, हे फार जपा. भिंतीवर लावलेली शब्दांची ओळ पोरं गाण्यासारखी पाठ करतात, तुम्ही छडी 'होता'वर ठेवली तरी ती 'आणि' म्हणून मोकळी होतात कारण गाण्यात पुढे 'आणि' येतो. कोपरा फाटलेलं कार्ड असेल तर तो कोपरा ओळखतात, शब्द नाही. कार्ड खराब झालं की नवीन करा.

खेळ घ्यायचा तर आपला 'मामाचं पत्र हरवलं' सगळ्यात चांगला. रुमालाऐवजी कार्ड ठेवायचं, ज्याच्या मागे पडलं त्याने पळायच्या आधी ते वाचायचं, एक वाक्य म्हणायचं आणि मग पळायचं. लंगडीच्या घरात शब्द लिहूनही होतं. पण खेळात जो हरतो तोच नेहमी हरत असेल तर खेळ बदला, दोघा-दोघांची जोडी करा, एक वाचेल एक पळेल.

अडलेल्या लेकराला किती वेळ द्यायचा? मनात पाच मोजा. तेवढ्यात आलं नाही तर पहिलं अक्षर दाखवा. तरी नाही तर सरळ शब्द सांगून टाका, आणि त्याच्याकडून ते पूर्ण वाक्य पहिल्यापासून परत वाचून घ्या. शब्द सांगितल्याने लेकरू आळशी होत नाही. सगळ्या वर्गासमोर अर्धा मिनिट उभं राहिल्याने मात्र ते वाचनाला घाबरतं.

त्यांचंच पुस्तक

तीन-चार आठवड्यांत पंधराएक शब्द जमले की लेकरांची स्वतःची पुस्तकं बनवा. कोऱ्या कागदाला मधे घडी, मधे दोरा किंवा स्टेपल, आठ पानं. प्रत्येक पानावर एक वाक्य, लेकरू सांगेल आणि तुम्ही लिहाल, चित्र ते काढेल. तान्ह्या पोळ्याच्या दिवसांत आमच्याकडे पोरं लाकडी बैल सजवून घेऊन फिरतात, त्या आठवड्यात सगळ्यांची पुस्तकं बैलाचीच होतात: 'हा माझा बैल आहे. माझा बैल खूप मोठा आहे. त्याला शिंगे आहेत. तो माझ्या घरी आला. मी त्याला चारा दिला. आई म्हणाली, बैल छान आहे.' मोजून पाहा, अर्ध्याहून जास्त शब्द आपल्या यादीतलेच आहेत. हे पुस्तक लेकरू दिवसातून किती वेळा उघडतं ते पाहा, विकतच्या रंगीत पुस्तकाचं तसं होत नाही. पुढे कापूस वेचणी, तूर सोंगणी, जंगलाकडच्या गावात मोहफुलं, संत्र्याच्या भागात संत्रा, विषय संपत नाहीत.

लेकराने 'बैलाले' सांगितलं तर पुस्तकात 'बैलाला' लिहा आणि वाचताना तिथे त्याला दाखवा, पण 'माझा ढवळ्या बैल लई मारकुटा हाये' असं काही रसाळ आलं तर एखाद्या पानावर त्याच्या तोंडचंच राहू द्या.

घरच्यांसाठी

आई-बाबांना वाचता येत नसेल तरी मदत करता येते, हे पालकसभेत तोंडी सांगा, चिठ्ठी लिहून काय उपयोग. संध्याकाळी चूल पेटवून झाली की लेकराला म्हणायचं, 'आण तुह्ये कार्डं.' लेकरू एक कार्ड वाचेल, आई त्या शब्दाचं एक वाक्य बोलेल, मग लेकरू दुसरं वाक्य बोलेल. पाच कार्डं, झालं. बरोबर वाचलं का हे आईला तपासायची गरज नाही, ते आपण शाळेत पाहतो. आजी असेल तर अजून चांगलं, तिला वेळ असतो आणि ती एका शब्दावर अख्खी गोष्ट सांगते.

मोबाईलवर शब्दांचे व्हिडिओ लावून लेकराला बसवतात, त्याचा फायदा मला तरी फारसा दिसत नाही. व्हिडिओ लेकरासाठी थांबत नाही आणि त्याचं ऐकत नाही.

दिवाळीनंतर कापसाचा हंगाम लागला की हजेरी पडते, काही घरं कामासाठी बाहेरगावी जातात. त्या लेकराच्या हातात त्याचा गठ्ठा आणि त्याचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, मोठं भावंड सोबत असेल तर त्याला समजावून सांगा. परत आलं की पहिल्या दिवशी पुढचा पाठ नाही, आधी त्याचा डबा.

इंग्रजीचे शब्द

आपल्याकडे मराठी शाळेत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे हे पण करावंच लागतं. साइट वर्डची जी प्रसिद्ध यादी फिरते ती अमेरिकेतल्या एडवर्ड डॉल्च यांनी 1936 मधे छापलेली, 220 शब्दांची, आणि ती तिथल्या लेकरांसाठी आहे जी इंग्रजी बोलतच शाळेत येतात. आपलं लेकरू ते ऐकूनही आलेलं नसतं. म्हणून 220 च्या मागे लागू नका. पहिलीत वीस-पंचवीस, तेही वापरातले.

हे शब्द दोन ढिगांत वेगळे करा. इट, इन, ऑन, कॅन, अप, बिग, रन हे आवाजाने वाचता येतात, ते आवाज जोडूनच शिकवा, पाठ करून घेऊ नका. दुसऱ्या ढिगात सेड, वॉज, कम, यू, दे असे वाकडे शब्द. त्यातही सगळा शब्द वाकडा नसतो. 'सेड'चं स्पेलिंग एस-ए-आय-डी, यात एस आणि डी आपापला आवाज बरोबर देतात, फक्त मधलं ए-आय वेगळं वागतं. तेवढ्याच दोन अक्षरांखाली लाल रेघ मारा आणि सांगा, एवढं लक्षात ठेव, बाकी तुला येतंच. लिनिया एरी या अमेरिकन संशोधिकेने वर्षानुवर्षं यावर काम केलं आहे आणि त्यातून हेच पुढे आलं की नजरेने ओळखू येणारा शब्दसुद्धा डोक्यात बसतो तो त्यातली अक्षरं आवाजाला जोडली गेल्यामुळे, नुसता आकार पाहून नाही.

इंग्रजी शब्दाखाली कार्डावर मराठीत उच्चार लिहू नका. लेकरू खालचं मराठी वाचतं, वरचं इंग्रजी पाहतच नाही, आणि आपल्याला वाटतं आलं. आणि मराठीचे नवीन शब्द व इंग्रजीचे नवीन शब्द एकाच तासाला नको.

किती यायला पाहिजे

निपुण भारत हे लहान वर्गांच्या वाचन-गणितासाठीचं केंद्र सरकारचं अभियान जुलै 2021 मधे सुरू झालं, त्याच्या लक्ष्यात पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचणं आहे आणि दुसरीच्या शेवटी मिनिटाला 45 ते 60 शब्द, अर्थ समजून. आकडा माहिती असावा, पण पहिलीच्या लेकरासमोर घड्याळ लावून बसू नका. वेग या शब्दांमुळे आपोआप वाढतो, कारण ओळीत अर्धे शब्द अडायचे थांबतात.

दोन-तीन महिने नीट काम करूनही एखाद्या लेकराचे दहा शब्दही टिकत नसतील तर आधी डोळे आणि कान पाहा. फळ्यावरचं लिहिताना डोळे बारीक करतं का, पुस्तक नाकाला लावतं का, मागून हाक मारली तर वळतं का. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्या लेकराचं नाव आधीच काढून ठेवा, आणि पथक यायला वेळ असेल तर पालकांना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायला सांगा. चष्मा लागला आणि महिन्याभरात पोरगं वाचायला लागलं असं होतं. डोळे-कान ठीक असतील तर अक्षरांवर परत जा, कुठली मात्रा कच्ची आहे ते शोधा, त्याच्या आठवड्याचे शब्द दोनवर आणा.

आणि शब्द पक्के झाले की कार्डं बंद करा. जे लेकरू गोष्टीचं पान सलग वाचून राहिलं त्याच्यापुढे 'आणि'चं कार्ड धरणं म्हणजे त्याचा वेळ घेणं, त्याला पुस्तक द्या. एप्रिलमधे प्रत्येक लेकराच्या पहिल्या डब्यात जे शब्द उरले त्यांची नावनिशी यादी करा आणि पुढचा वर्ग घेणाऱ्या सर-मॅडमच्या हातात द्या, म्हणजे जूनमधे त्यांना पहिल्यापासून तपासत बसावं लागत नाही. दुसऱ्या डब्यातली चांगली कार्डं अंगणवाडीत देऊन टाका, तिथून येणाऱ्या नवीन पोरांच्या कामी येतात.